जत्रेच्या सिनेमाचा नारळ

आमच्या वाडीत पालखी उचलायचा मान एका घराचा, नैवेद्याचा दुसऱ्या, दिवटी धरायचा तिसऱ्या, आणि जत्रेचा सिनेमा ठरवायचा मान गेनूनानांचा. बाहेरच्या माणसाला हसू येतं. येऊ दे. नानांच्या वडिलांनी भोरहून पडदा आणि मशीनची पेटी बैलगाडीत घालून आणली, तेव्हा भाटघर धरणाच्या पाण्याकडेनं धड रस्ता नव्हता. त्या साली ठरवलेला तमाशा ऐन वेळी आला नाही आणि जत्रा कोरडी जाणार म्हणून गाव तोंड पाडून बसलं होतं. म्हातारा पेटी घेऊन आला. भैरवनाथाची पालखी पडद्यासमोर ठेवली, गाव तिच्या मागं बसलं, आणि रीत पडली ती पडलीच. देव पहिल्या रांगेत. देवाच्या पुढं कुणी बसायचं नाही. सिनेमा संपेपर्यंत पालखी हलवायची नाही. आणि संपला की जत्रा कमिटीनं एक नारळ नानांच्या हातात द्यायचा. नारळ मिळाला म्हणजे पुढच्या जत्रेचा सिनेमाही त्यांनीच ठरवायचा.

माझी पिठाची गिरणी देवळाच्या समोरच आहे, त्यामुळे या मानाची सगळी जमा-बाजू आणि खर्च-बाजू मला पाठ. गिरणीत माणूस दळण घेऊन येतो आणि पीठ पडेपर्यंत तोंड उघडं ठेवतो. नानांचं दळण पायलीभर आणि बोलणं पोतंभर, आणि ते सगळं सिनेमावर. वर्षभर ते सिनेमे बघतात. मोबाईलवर बघतात, भोरला पुतण्याच्या मोठ्या टीव्हीवर बघतात, पुण्याला लग्नाला गेले तर अक्षता टाकून थेटरात जाऊन बसतात. स्वतःच्या हौसेसाठी बघतात असं म्हटलं की त्यांना राग येतो.

"म्या देवाच्या वतीनं बघतो," म्हणतात. "त्याला काय, पालखीत बशीवलं की उठून जाता येत न्हाई. आपल्यालाच आधी बघून ठिवाय पायजे."

म्हणून प्रत्येक सिनेमाला त्यांचा एकच सवाल असतो, "ह्यो देवाफुडं लावायचा का?" आणि अलीकडं काही वर्षं उत्तरही एकच असतं.

यंदा होळीनंतर एक दिवस नाना दळण घेऊन आले ते पेटूनच. त्यांच्या बरोबर साळूकाकी, म्हणजे त्यांची बायको. गिरणीत आमचे धाकटे दीर सोमनाथ भावजी टेम्पोच्या भाड्याची वाट बघत बसले होते. भावजी यंदा जत्रा कमिटीचे अध्यक्ष. वयानं नानांच्या निम्मे, पण हातात माईक आला की दुप्पट.

"काय नाना, सापडला का पिक्चर?" भावजींनी मुद्दाम काडी लावली.

"काय सापडतंय!" नानांनी डबा आदळला. "त्यो किल्ल्यांचा बघितला. समदा पिक्चर नुसता आरडाओरडा. राजा पाणी मागतो, त्ये बी आरडून. आरं, राजगड हाय हितं शेजारी. आपली माणसं काय वर बसून आरडत हुती का? आरडून कुणाला गड घावतो? गड घ्यायचा तर गप जावं लागतं."

"लोकांनी शिट्ट्या मारल्या की थेटरात."

"कानात किडा गेल्यावर बी माणूस नाचतो. म्हणून किड्याला बक्षीस देतोस व्हय रं?"

भावजी हसले. मी गिरणीचा पट्टा चढवता चढवता थांबले. पट्टा चढला की आवाजात नाना ऐकू येत नाहीत, आणि ते फुकट घालवण्यासारखं नव्हतं.

"बरं, मग त्यो दाढीवाल्याचा?"

"ट्रॅक्टर उचलून फेकतो त्यो? फेकला, त्याचं मला काय न्हाई. ताकद आसंल त्याच्यात. पर ज्याचा ट्रॅक्टर हुता त्यानं फुडं काय केलं, ह्ये कुणी दाखवतच न्हाई! पेरणीचं दिस, ट्रॅक्टरचा चुरा, आन् ह्यो गेला पोरीसंगं नाचाय. त्या बिचाऱ्याची एक गोष्ट हाय का न्हाई?"

"शहरातला बघा मग. शांत हाय."

"बघितला. तीन माणसं, एक सोफा. चहा करत्यात, घिऊन बसत्यात, बोलत्यात, बोलत्यात, कप काय तोंडाला लागत न्हाई. म्या साळूला म्हनलं, ह्या बाईनं एक घोट घेतला की म्या झोपतो. पहाट झाली!"

"खोटं," साळूकाकी चाळणीवरून नजर न उचलता म्हणाली. "निम्म्यात घोरत हुता. चहा म्या बगितला. पिली ती शेवटी."

"पिली?"

"गारच पिली."

नानांचा राग काही आवरेना. "आन् त्यो परदेशात बक्षीस मिळालेला! एक म्हातारा इहिरीकडं बघतो. बघतोच हाय. त्यो इहिरीकडं, आमी त्याच्याकडं."

"मग इहिरीत काय हुतं?" मी विचारलं.

"पाणी! दुसरं काय आसतंय, रत्ना?"

"मग भुताचा लावा की," भावजी म्हणाले. "पोरं लई हसली त्याला."

इथं मात्र नानांचा आवाज चढला. "भैरवनाथाफुडं भूत नाचवू? आरं, भुतं म्हंजी देवाच्या घरची नोकरमाणसं. देव म्हणंल, ह्याला म्या कवा कामावर ठिवलं?"

मी हसले, पण एक गोष्ट सांगते. नानांचा राग उसना नसतो. वाईट सिनेमा बघून आलेला माणूस पैसे गेले म्हणून चिडतो. नाना अपमान झाल्यासारखे चिडतात. आपल्याकडं पाहुणा जेवायला बोलावलाय आणि भाजीवालीनं सडकी वांगी दिली, असा तो राग. पाहुणा देव असल्यामुळं जरा जास्त.

भावजींनी मग हसणं आवरलं आणि पोटातलं ओठावर आणलं. "नाना, राग मानू नका. गेल्या साली तुमी जुना काळा-पांढरा लावला. निम्म्यात पोरं उठली. शेवटाला देव, चार म्हाताऱ्या आन् तुमी. देव पालखीत हुता म्हणून ऱ्हायला. कमिटीचं ठरलंय, यंदा नवा पिक्चर. तुमी ठरवा, मान तुमचा हाय. पाडव्याच्या बैठकीत नाव सांगितलं न्हाई, तर डीजे. आन् नारळ कमिटीकडं."

नानांनी डबा उचलला, पुन्हा ठेवला. "नारळ कमिटीकडं म्हंजी?"

"म्हंजी फुडच्या सालापासनं कमिटीच ठरवंल."

साळूकाकीची चाळणी थांबली.

"आन् नवाच पायजे तर आपलाच हाय की," भावजी हळूच म्हणाले. "आपल्या वाडीत शूटिंग झालेला. निर्मात्यानं जत्रेसाठी द्यायचं कबूल केलंय. फुलाआजी तर वर्षभर वाट बघतीया."

आता हे सांगायला हवं. गेल्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेल्यावर आमच्या काठावर सिनेमावाले आले होते. बायका हव्या होत्या, रडायला. आम्ही सगळ्या गेलो. पेटीतली जुनी लुगडी काढून दिली त्यांनी, आमची फार नवी दिसतात म्हणून. फुलाआजीनं मात्र दुसऱ्याचं लुगडं नेसायला साफ नकार दिला. तिचं स्वतःचंच पेटीतल्यापेक्षा विटकं निघालं, म्हणून चाललं. आम्हाला सांगितलं, हिरोची आई वारलीय, तिच्यासाठी रडा. आम्ही पदर तोंडाला लावून खांदे हलवले. फुलाआजी तशी नाही. ती खरी रडली. मातीत बसून, जमिनीवर हात आपटत. थांबा म्हटल्यावर आम्ही थांबलो, ती थांबेना. दिग्दर्शक पोरगा खुर्चीवरून उठून आला आणि तिच्या पाया पडला.

त्या दिवसापासून फुलाआजी आमच्यातली राहिली नाही. पडद्यावर आपलं तोंड कधी दिसणार, एवढाच तिचा ध्यास. पुण्याच्या थेटरात सिनेमा आठवडाभरापासून लागला होता, पण तिला गाडी लागते. धरणाच्या भिंतीपर्यंत जाता जाता पोट तोंडात येतं. पुण्यापर्यंत पोचली असती तर सिनेमा कुणाला दाखवायचा हाच प्रश्न. वाडीतल्या दोन-चार पोरांनी बघितला होता, पण पोरांनी आपापली तोंडं तेवढी शोधली आणि परत आली. म्हणून म्हातारी जत्रेवर डोळा लावून बसलेली.

नानांनी हा एकच सिनेमा बघायचा ठेवला होता. "गावातला हाय, म्हणून चांगला आसंल आसं न्हाई," एवढंच म्हणत. शेवटी भावजींनी आम्हाला टेम्पोत घातलं. पुण्याला एका थेटरात तो उतरायच्या आधीचा शेवटचा दिवस होता. पुढच्या सीटवर चौघं दाटीवाटीनं बसून गेलो. मक्याच्या लाह्यांवरून दारातच नानांचं एक भांडण झालं ते सोडून देते.

सिनेमा बरा चालला होता. आमचं पाणी, आमची टेकडी, आमची बोरीची झाडं. नाना पुढं सरकून बसले. एकदा तर साळूकाकीच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "आगं, आपला बांध!" मला वाटलं, जमलं. मंडळी, नारळ वाचला.

मग दाजीसाहेब मेला.

दाजीसाहेब म्हणजे सिनेमातला नालायक माणूस. धरणात जाणाऱ्या जमिनी दमदाटीनं लाटतो, लोकांच्या कडब्याच्या गंजी पेटवतो, हिरोच्या आईला भर पावसात घराबाहेर काढतो. हिरोची आई काही वारत नाही. शेवटपर्यंत ठणठणीत, सून बघते, हसते. आणि दाजीसाहेब मरतो तेव्हा त्याची चिता, आणि चितेच्या या बाजूला आम्ही. आमची अख्खी वाडी. पदर तोंडाला लावून. मग सबंध पडदाभर फुलाआजी, मातीत हात आपटत, त्या दाजीसाहेबासाठी.

नाना थेटरातच उभे राहिले. मागचा म्हणाला, "ओ काका, बसा." नाना त्याच्याकडं वळून म्हणाले, "आमच्या बायका हायत त्या!" त्या माणसाला काय कळणार. त्यानं हात जोडले.

परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत टेम्पोत दुसरं इंजिन चालू होतं.

"आईसाठी म्हणून रडवल्या, आन् त्या हरामखोराच्या मढ्याला नेऊन चिकटवल्या! गंजी पेटवल्या त्यानं. बाईमाणसाला पावसात काढलं. आन् त्याच्यासाठी आमची वाडी गळं काढती! बाहेरचा बघणारा काय म्हणंल? उद्या कुणाची सोयरीक जमवाय गेलो तर इचारत्याल, तुमचंच गाव न्हवं का त्ये, नालायकासाठी रडणारं?"

"नाना, पिक्चर हाय," भावजी म्हणाले.

"पिक्चर हाय म्हणूनच! खऱ्यात रडलो आसतो तर चार माणसांनी बघितलं आसतं. ह्यो देवाफुडं लावायचा? देव वळखतो ना रं आपल्याला! तिच्या तोंडाकडं बघून देव काय म्हणंल, फुला, तुला बी कळंना का कुणासाठी रडावं?"

"मग डीजे?"

"डीजे तर डीजे. मान गेला तर गेला. पर ह्यो लावणार न्हाई."

साळूकाकी म्हणाली, "आन् आत्तीला काय सांगायचं?"

आत्ती म्हणजे फुलाआजी. नानांची भावकीतली आत्या. नाना उत्तर द्यायच्या ऐवजी खिडकीबाहेर बघायला लागले, आणि खिडकीत मी बसले होते.

दुसऱ्या दिवशी फुलाआजी दळण घेऊन हजर. दळण कसलं, ओंजळभर नाचणी. तिला पीठ नको होतं, नाना हवे होते. नाना आले, तिला बघितलं आणि उंबऱ्यातच घुटमळले. वळले असते, पण तिनं काठी आडवी घातली.

"गेन्या, बघून आलास म्हणं."

"आलो."

"दिसते का म्या?"

ज्या माणसानं राजाला सोडलं नाही, बक्षीसवाल्याला सोडलं नाही, त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मी उगाच नाचणी चाळत राहिले.

"दिसती," नाना म्हणाले.

"केवडी?"

"लई मोटी. समद्या पडद्याएवडी."

म्हातारीनं काठी खाली केली. तोंडावर असं काही आलं की मी नजर वळवली. मग एकदम कामाला लागली. "मग गुंजवण्याला भावाला निरोप धाड. भोंगवलीच्या लेकीला म्या कालच सांगितलंय. आन् रत्ना, ऐक गं. मला देवाच्या डाव्या अंगाला बसायचंय. देव आन् म्या संगं बगणार."

ती गेल्यावर नाना पोत्यावर बसले. "रत्ना, म्या तिला कसं सांगू, तू कुणासाठी रडलीयास?"

"नका सांगू."

"पडदा सांगंल की."

"मग डीजे लावा."

"तोंड सांबाळून बोल," नाना म्हणाले आणि दळण न घेताच गेले.

पाडव्याच्या बैठकीत भावजींनी विचारलं, "नाना, पिक्चर?" नानांनी आमच्याच सिनेमाचं नाव सांगितलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. भावजी माझ्याकडं बघून हसले, जणू त्यांनीच नानांना वळवलं. मला मात्र नानांच्या चेहऱ्यावर हरल्याची खूण दिसेना. पायलीतलं मापटंभर धान्य लपवून ठेवणाऱ्याचा चेहरा मी ओळखते. या माणसानं काहीतरी बाजूला काढून ठेवलं होतं.

काय ते जत्रेच्या दिवशी कळलं.

संध्याकाळी पालखी पडद्यासमोर बसली. आमच्या पालखीला पुढून एक लाल पडदा असतो. नैवेद्य दाखवताना तो ओढायचा, म्हणजे देव निवांत जेवतो, आणि जेवण झालं की उघडायचा. नैवेद्य झाला, पडदा उघडला, आरती झाली. डाव्या अंगाला फुलाआजी. तेच विटकं लुगडं नेसून आली होती, पडद्यावरची आणि ही एकच आहे याबद्दल कुणाला शंका नको म्हणून. तिच्या मागं गुंजवण्याचा भाऊ, भोंगवलीची लेक, लेकीची सासूसुद्धा. उजव्या अंगाला नाना, आणि नानांच्या मागं साळूकाकी. काकीच्या पदराखाली काहीतरी होतं. वास आला म्हणून कळलं. तुपातला शिरा.

भावजींनी लॅपटॉपवर सिनेमा लावला. वाडीनं आपापला बांध ओळखला, आपापली म्हैस ओळखली. माझं तोंड दिसलं तेव्हा मागून कुणीतरी "गिरणी बंद!" म्हणून ओरडलं. उठून कुणी जाईना. भावजी लांबून नानांना अंगठा दाखवत होते.

दाजीसाहेबाला धाप लागली. तो खाटेवर पडला. आणि नाना हळूच उठले, काकीकडून शिऱ्याची वाटी घेतली, पालखीसमोर ठेवली आणि लाल पडदा ओढला.

"आता कसला नैवेद्य?" मागून कुणीतरी.

"देवाला भूक लागली," नाना म्हणाले. "तुला लागत न्हाई का मदीच?"

मला तेव्हा सगळं समजलं. म्हातारीला तिचं तोंड दिसेल, गावाला दिसेल, फक्त देवाला ते दिसणार नाही. नानांनी देवाला शिऱ्यावर बसवून ठेवलं होतं. मनात म्हटलं, नाना, तुमच्या वडिलांनी नुसती पेटी आणली, तुम्ही वरचढ निघालात.

चिता पेटली. आम्ही रडलो. आणि मग ती आली. समद्या पडद्याएवढी, नानांनी सांगितल्यासारखी. सुरकुती न सुरकुती, डोळ्यांतलं पाणी, मातीत आपटणारे हात. शिट्ट्या, टाळ्या, "फुलाआजी! फुलाआजी!" भोंगवलीच्या लेकीनं सासूचा हात घट्ट धरला. म्हातारी मान वर करून स्वतःकडं बघत राहिली. मग देवानं बघितलं का, हे बघायला तिनं पालखीकडं मान वळवली.

पालखीला पडदा.

"गेन्या!"

तो आवाज स्पीकरच्या वर गेला. भावजींनी घाबरून सिनेमा थांबवला. पडद्यावर तिचं तोंड तसंच राहिलं, आणि खाली ती काठी घेऊन उभी.

"देवाला कुणी झाकलं?"

"आत्ती, नैवेद..."

"नैवेद झाला! म्या हुते की! वरीसभर वाट बगितली. भाऊ आला, लेक आली, इहीण आली. आन् ज्याला दावायचं त्यालाच झाकून ठिवलंस?"

नानांनाही मग राहवेना. जे महिनाभर दातांखाली धरलं होतं ते बाहेर पडलं. "आगं, तू कुणासाठी रडतीयास बघितलंस का? त्या दाजीसाहेबासाठी! आईसाठी म्हणून रडवलं आन् त्या हरामखोराला जोडलं! तुला फशिवलंय त्यांनी. देवानं बघितलं तर काय म्हणंल?"

म्हातारीनं पडद्याकडं बघितलं. चितेकडं, मग आपल्या तोंडाकडं. आम्ही सगळे वाट बघत होतो, आता ती रडणार, का शिव्या देणार, का खाली बसणार.

"मग?" ती म्हणाली. "त्याला काय आय नव्हती व्हय?"

तिनं काठीनं पडद्यावरची चिता दाखवली.

"मयत झालं की बाईनं आदी चवकशी करायची का, ह्यो बरा हुता का वाईट हुता, आन् मग रडायचं? गावात कोण मेलं तर आसं करतो आपुन? तुझा चुलता मेला तवा कोण रडलं? दारू पिऊन समद्यांस्नी मारायचा. म्या रडले. तू पोरगं हुतास, मला म्हनलास, आत्ती, गप."

नानांनी खाली बघितलं.

"उगड त्यो पडदा. देवाला काय कमी बगाय लागतं? आपुन झाकायचं व्हय त्याला?"

भावजी लॅपटॉपवर बोट ठेवून उभे होते. कमिटीचे अध्यक्ष, हातात माईक, सिनेमा त्यांच्या हातात. पण त्यांनी विचारलं ते नानांनाच. "नाना, मागं घिऊ का?"

मान नानांचा होता. नानांनी लाल पडदा बाजूला सारला, शिऱ्याची वाटी उचलली आणि म्हणाले, "घे. खाटेवर पडल्यापासनं घे."

दाजीसाहेब पुन्हा मेला. आम्ही पुन्हा रडलो. या खेपेला शिट्टी वाजली नाही. फुलाआजीनं पडद्याकडं पाहिलंच नाही. ती पालखीकडं बघत होती, समोर जेवायला बसवलेल्या माणसाला कालवण आवडलं का, हे बघावं तसं.

सिनेमा संपला तेव्हा सगळं गाव जागेवर होतं. भावजी नारळ घेऊन आले. आता त्यांचं तोंड कसं होतं म्हणून सांगू? अर्धं जिंकल्याचं, अर्धं हरल्याचं. नारळ नानांपुढं धरला. "घ्या. मान तुमचा. चुकायचा बी."

नानांनी हात पुढं केला, पण मधे काठी आली. फुलाआजीनं नारळ काढून घेतला आणि पदराच्या ओट्यात घातला.

"फुडल्या साली देवाला झाकणार न्हाई म्हण. मग देते."

"पिक्चर कसा आसंल त्यावर हाय," नाना म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे."

"आत्ती, घाणेरडा पिक्चर आसला तर?"

"घाणेरडा लावूच नगंस. पर लावलास तर झाकू नगंस."

नारळ अजून तिच्याच घरी आहे, फडताळात. भावजी म्हणतात, नारळ कमिटीचा, म्हातारीकडून कसा आणायचा? मी म्हटलं, भावजी, तुम्ही जाऊन मागा. ते अजून गेलेले नाहीत.

नानांचा राग मात्र उतरलेला नाही. दिग्दर्शकाच्या नावानं रोज एक शिवी जमा होते. काल गिरणीत आले ते नवा कुठलातरी सिनेमा बघून, लालबुंद होऊन. "आगं, शेवटाला एकाला असा मारला, असा मारला, की मारणाराच दमला! आन् त्यो मेल्यावर समदी नाचत्यात. आरं, नाचता कशापायी?"

कोपऱ्यात फुलाआजी ओंजळभर नाचणी घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "त्याच्यासाठी रडतं का रं कुणी?"

एवढे सिनेमे बघणारा माणूस, पण हे काही नानांनी बघितलं नव्हतं.

"बघाय पायजे," म्हणाले, आणि खिशातून मोबाईल काढून पोत्यावर टेकले.

मी पट्टा चढवला.